राखीव रक्त

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१५

आजपासून राग वहीत उतरवायचा. अट उर्वशीची. दिवाळीला नागपूरहून आली होती, तेव्हा मी रस्त्यात फटाके लावणाऱ्या एका पाहुण्याला दोन लगावल्या. दोनच. तर म्हणते, बाबा, राग आला की लिहून काढत जा, पुन्हा हात उचलला तर मी घरी येणं सोडून देईन. मुलगी लॅबमध्ये लागल्यापासून फार बोलते.

वही तिचीच, लॅबच्या कोर्सच्या, डीएमएलटीच्या वेळची. अर्धी रक्तावरच्या नोट्सनी भरलेली, उरलेली कोरी. कोरे कागद वाया जाताना मला पाहवत नाही.

संकल्प. एक, महिनाभर कुणावर हात उचलायचा नाही. दोन, रोज नोट्सचं एक पान वाचायचं. रक्त हा माझा घरचा विषय आहे. माझा गट ओ निगेटिव्ह. शंभरात एखाद-दुसरा निघतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर छापलेला आहे, एकोणीसशे शहाण्णवपासून. मारेगावात कुणालाही विचारा, ओ निगेटिव्ह कोण? पंजाबराव वाइंडिंगवाले.

दुपारी १.००

एका गिऱ्हाइकानं दुकानात येऊन म्हटलं की मी वाइंडिंग भरून दिलेली मोटर आठ दिवसांत जळाली. व्होल्टेज मी पाठवतो का? पान्हा फेकला. त्याला लागला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर फाटलं. संकल्प मोडला असं मी मानत नाही. पान्हा म्हणजे हात नव्हे.

५ नोव्हेंबर

नोट्स, पान एक ते चार. (चार दिवसांचं एकदम वाचलं.) रक्तात पिवळसर पाणी असतं, ते प्लाझ्मा. त्यात लाल पेशी, त्या ऑक्सिजन वाहतात, म्हणजे हमाल. प्लेटलेट्स भोक बुजवतात, म्हणजे पंक्चरवाले. आणि पांढऱ्या पेशी. त्या सैन्य.

सैन्यात न्यूट्रोफिल नावाची जात मला फार आवडली. शत्रू आत घुसला की सगळ्यात आधी धावून जाणारी. विचार नाही, चौकशी नाही, थेट तुटून पडायचं. मी कबड्डीत असाच होतो. पांढरकवड्याच्या सामन्यात एकाचं कॉलरबोन मोडलं होतं, अजूनही भेटला की रस्ता बदलतो. जयाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, पण ते मरतात न लवकर? खाली लिवलं आहे, पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल. बायकोला नको तिथं वाचता येतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

महत्त्वाचा दिवस. शेजारचे भगवानराव आले. आमची भिंत सामाईक. त्यांची प्रेरणा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिचा गट ओ निगेटिव्ह, मागच्या वेळी रक्तस्राव फार झाला होता, आताही भरवसा नाही. रक्तपेढीत हा गट कमी असतो. देणारा माणूस तयार ठेवा.

भगवानराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. म्हणाले, पंजाबभाऊ, तुमाले सांगाले संकोच वाटते. मी म्हटलं, संकोच कशाचा, मी बसलो आहे न.

मग प्रेरणा स्वतः आली, भिंतीला धरून. काका, खरंच यान न? ही पोरगी लहानपणी दुकानात बसून तांब्याच्या तुकड्यांच्या अंगठ्या करायची आणि मला दहा पैशांना विकायची. माझ्या गल्ल्यात अजून तीन आहेत. तिच्यासाठी मी शेवटचा थेंब देईन. लिहून ठेवतो.

ती गेल्यावर जया म्हणाली, एकदा टेस करून घ्या न, पोरीच्या जिवाचा मामला आहे. म्हणजे घरातच शंका. लायसन्सवर सरकारी शिक्का आहे. हात उचलायचा नाही म्हणून कूलरला लाथ मारली. अंगठा सुजला. नोट्समध्ये सुजेची चार लक्षणं दिली आहेत: लाली, फुगवटा, उष्णता, वेदना. चारही आहेत. प्रतिकारशक्ती उत्तम.

१० नोव्हेंबर

उर्वशीचा फोन. बाबा, तुम्ही एकदा तरी रक्त दिलं आहे का? तिला समजावलं. ओ निगेटिव्ह हे राखीव रक्त आहे. ते शिबिरात केळं आणि बिस्किटासाठी उधळायचं नसतं. तीस वर्षं सांभाळून ठेवलं आहे. तिनं विचारलं, कशासाठी? म्हटलं, याच दिवसासाठी. फोन मीच ठेवला. जोरात ठेवल्यामुळे काच गेली.

१२ नोव्हेंबर

वणीला जाऊन उजव्या हातावर टॅटू काढला. रक्ताचा थेंब, त्यात ओ, पुढे वजाची रेघ. उद्या रस्त्यात कुठं पडलो तर डॉक्टरला खिसे चाचपायला नकोत. शिवाय भगवानरावांच्या घरच्यांना धीर येईल. सुईनं हजारदा टोचतात, मी हूं की चूं केलं नाही. जया म्हणते की टॉवेलला दातांची भोकं आहेत. ती आधीचीच असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

राग. फार राग. सावकाश लिहितो.

गावात रक्तदान शिबिर होतं. मी आपणहून गेलो, स्टेजवर जाऊन बसलो, टॅटू दिसावा म्हणून बाही वर करून. माइक मिळताच अँटिबॉडीवर बोललो. अँटिजन म्हणजे शत्रूच्या अंगावरची निशाणी, अँटिबॉडी म्हणजे त्या निशाणीवरच चालून जाणारं शस्त्र. लोक ऐकत होते. काही जेवायला गेले.

मग आयोजकानं एकाला वर बोलावलं. खेमसिंग, पांढरकवड्याचा ट्रक ड्रायव्हर, जिनिंगच्या कापसाच्या गाठी वाहतो. म्हणे आजवर एकतीस वेळा रक्त दिलं. गट ओ निगेटिव्ह. टाळ्या. माझ्यासाठी वाजल्या त्याच्या तिप्पट. शाल पण त्यालाच. जुलैत शेवटचं दिलं, आता कुणाचा फोन आला की देतो, असं चार वाक्यांत बोलून खाली उतरला. उतरताना माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, अरे वा भाऊ, तुमी बी निगेटिव्ह. तुमचे किती झाले?

किती झाले. चारचौघांत.

आणि कळस म्हणजे भगवानराव पहिल्या रांगेतून उठले आणि वहीत त्याचा नंबर लिहून घेतला. माझ्या नंबरच्या खाली.

१७ नोव्हेंबर

भगवानरावांना जाब विचारला. म्हणाले, भाऊ, दोन नंबर असले त बरं राह्यते. मी त्यांच्या फाटकाला लाथ घातली. तोच अंगठा.

नोट्समध्ये मेमरी सेल. एकदा पाहिलेला शत्रू या पेशी आयुष्यभर विसरत नाहीत, दुसऱ्यांदा दिसला की आधीपेक्षा जोरात तुटून पडतात. खेमसिंगच्या ट्रकचा नंबर एमएच २९, पुढचे आकडे मला पाठ आहेत.

२० नोव्हेंबर

खेमसिंगला फोन लावला. सांगितलं, ती मुलगी माझी आहे, रक्त माझंच जाईल, तू तुझा नंबर काढून घे. तो गाडी चालवत होता. म्हणाला, भाऊ, तुमचं कमी पडलं त माह्यं, माह्यं कमी पडलं त तुमचं. याच्यात भांडाचं काय आहे? म्हणजे माझं कमी पडेल असं त्याचं म्हणणं.

रागाच्या भरात मोटरचं वाइंडिंग उलटं भरलं. शेतकरी बाहेर हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून ताटकळत बसला होता. त्याचीही कॉलर धरली, पण ती लगेच सोडली. तो वयानं मोठा होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ५.००

डाव्या हातानं लिहितो आहे.

जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग होती. खेमसिंगची तिसरी. मी दुकानातली टॉमी सोबत घेतली होती, चाक काढायची लोखंडी. मारायला नाही, हातात काही असलं की बोलायला बरं वाटतं म्हणून. तो गाडीच्या पायरीवर उभा राहून चहा पीत होता. मी म्हटलं, नंबर काढ. तो म्हणाला, पंजाबभाऊ, खाली बसा, चहा घ्या. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अनोळखी अँटिजननं अंगाला हात लावल्यावर शरीर काय करतं ते पान सातवर दिलं आहे.

टॉमी त्याच्या कपाळावर बसली. तो पायरीवरून उजव्या हातावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुक्या पऱ्हाटीच्या काडीसारखा. दुसऱ्यांदा मी मारली ती खांद्यावर, तिसरी गाडीच्या पत्र्याला. गाठीतून निघालेला कापूस खाली पडला होता, तो लालभडक झाला. रक्त फार होतं. माणसात इतकं असतं हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

मग ड्रायव्हर लोकांनी मला धरलं. नऊ जण. एक दात गेला, एक हलतो आहे, डोळा बंद, दोन बरगड्या, उजव्या हाताची बोटं बुटाखाली. मी एकटा नऊ जणांना पुरलो. जया म्हणते तीन जण होते, तिला फाटकावरच्या चहावालीनं सांगितलं. चहावालीला मोजता येत नाही.

२५ नोव्हेंबर

खेमसिंगला कपाळावर नऊ टाके, उजवा हात प्लास्टरमध्ये. रक्त बरंच गेलं म्हणतात. प्लेटलेट्सनी काम केलं, पण वेळ लावला.

मला ठाण्यात बोलावलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी साहेब म्हणाले, जा. खेमसिंगनं जबाब दिला की मी गाडीवरून पडलो, कुणी मारलं नाही.

घाबरला. स्पष्ट आहे.

२७ नोव्हेंबर

दुकान बंद. जया बोलत नाही, फक्त वरण पातळ करून देते, दातामुळे. उर्वशीला कळलं असावं, फोन उचलत नाही.

नोट्स पान अकरा. ऑटोइम्यून आजार. सैन्याला आपलं कोण, परकं कोण हे कळेनासं होतं आणि ते स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतं. कारण नीट माहीत नाही. मला वाटतं ही शरीरं मुळातच मूर्ख असावीत. पान लवकर उलटलं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.२०

प्रेरणाला पहाटे कळा आणि रक्तस्राव. घाईनं यवतमाळला नेली. आता भगवानरावांचा फोन आला, पंजाबभाऊ, निघा. रक्तपेढीत दोन पिशव्या होत्या, एक लावली, दुसरी ठेवली आहे, अजून लागन.

खरं लिहितो. फोन ठेवल्यावर आनंद झाला. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस. अर्ध्या बाहीचा शर्ट घातला. जया सोबत येते आहे. दोन बरगड्या दुखतात, पण रक्त बरगड्यांत नसतं.

दुपारी १.१०, दवाखान्याच्या पायरीवर

लॅबमधल्या मॅडमनं, दीपमाला नाव होतं, बोटाला टोचलं. पांढऱ्या टाइलवर तीन थेंब, तिन्हीत वेगवेगळं औषध. काडीनं ढवळलं, टाइल हलवली. पहिले दोन थेंब तसेच राहिले. तिसऱ्यात बारीक बारीक गाठी झाल्या, फाटलेल्या दुधासारख्या.

म्हणाली, काका, तुम्ही ओ पॉझिटिव्ह आहात.

मी म्हटलं, औषध खराब आहे. म्हटलं, लायसन्स पाहा. तिनं पाहिलं आणि परत दिलं. मी टेबलावर मूठ आपटली. काचेच्या पट्ट्यांचा ट्रे खाली गेला, काच माझ्याच तळव्यात घुसली. रक्त भळाभळा टाइलवर. मी म्हटलं, घे, आता पाहिजे तेवढं घे, बघ पुन्हा. तिनं हात बांधला, मग शांतपणे पुन्हा पाहिलं. दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या थेंबात गाठी.

मग टॅटूकडे बोट दाखवून विचारलं, हे कधीचं? म्हटलं, बारा तारखेचं. म्हणाली, मग तसंही वर्षभर तुमचं रक्त घेता आलं नसतं. काढल्यापासून वर्ष मोजतात.

भगवानराव दारात उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते कळतं. ते फक्त म्हणाले, मंग आता? आणि खिशातून वही काढली आणि माझ्या खालचा नंबर लावला.

लायसन्सच्या एजंटचा चेहरा आठवला. रांग मोठी होती, ऊन होतं. त्यानं विचारलं, ग्रुप कोणता? मी म्हटलं, टाक कोणताही, पुढं चल. त्यानं माझ्या आधीच्या माणसाचा टाकला. हे मी विसरलो होतो. विसरलो होतो असं लिहितो आहे, पण जयानं टेस म्हटलं त्या दिवशी कूलरला लाथ का मारली, ते मलाच माहीत आहे.

दुपारी ३.००

खेमसिंग आला. कपाळाला पट्टी, हात गळ्यात. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, पांढरकवड्याहून. दीपमाला मॅडमनं हिमोग्लोबिन पाहिलं, कमी. परवापर्यंत अँटिबायोटिक चालू होती. सहा दिवसांपूर्वी इतकं रक्त गेलं. नाही म्हणाली. तो म्हणाला, मॅडम, थोडं तरी घ्या. ती म्हणाली, थोडं असं नसतं.

एकतीस वेळा देणारा माणूस. त्याचं रक्त जिनिंगच्या फाटकावर मी सांडलं.

तो येऊन माझ्याच बाकावर बसला, जागा तेवढीच होती. म्हणाला, मले वाटलंच होतं, हे नाही घेणार. फुलसावंगीच्या बहिणीले दुपारीच फोन केला, तिचा बी हाच ग्रुप आहे. जावयासंगं निघाली हाय गाडीवर. लांब आहे, पण येते ते.

मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. एकच डोळा उघडतो, तोही वळवता आला नाही.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.००, दवाखान्याबाहेरची टपरी

बहीण काल साडेचारला आली. केसांत धूळ, पायात स्लिपर. पाणी प्यायली, आडवी झाली, मूठ उघडमीट करत पिशवी भरून दिली. उठून भावाच्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि त्यांच्या बंजारा बोलीत काही विचारलं. तो हसून काही बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला, ट्रक. तिलाही त्यानं पडलो असंच सांगितलं होतं.

तपासण्या होऊन सात वाजता पिशवी वर गेली. तोवर दुसरी संपत आली होती.

प्रेरणा वाचली. मुलगी झाली. रात्रभर लिहिलं नाही, रडत होतो. मी रडतो हे जयानं बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, तिनं पदर दिला नाही, रुमाल दिला.

बाळाचा गट ओ पॉझिटिव्ह. म्हणून प्रेरणाला सकाळी इंजेक्शन दिलं, अँटी-डी. पॉझिटिव्ह रक्ताचा अंश आईच्या अंगात राहिला तर तिच्या पेशी त्याला शत्रू समजतात, पुढच्या बाळावर हल्ला करतात. उर्वशीच्या नोट्समध्ये पान चौदा, मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो. म्हणजे जे रक्त शेवटच्या थेंबापर्यंत द्यायला मी निघालो होतो, त्या जातीच्या रक्तापासून तिला वाचवायला सुई टोचतात.

खेमसिंग निघताना त्याला गाठलं. माफीचे शब्द जुळवले होते. वेगळंच विचारलं. म्हटलं, पोलिसांत खोटं का सांगितलं?

तो म्हणाला, त्या पोरीच्या नावापुढं आपले दोघाचेच नंबर होते न भाऊ. माह्या हात त मोडला होता, बहीण लांब राह्यते. तुमी आत गेले असते त तिले कोण राह्यलं असतं?

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ११.००

भगवानरावांकडे बारसं झालं. भिंतीपलीकडून गाण्यांचा आवाज आला. जयाला बोलावणं होतं. ती गाजराचा हलवा घेऊन गेली आणि माझ्यासाठी कुणी काही पाठवलं नाही, ते बरोबरच आहे. गल्ल्यातल्या तीन अंगठ्या मी जयाजवळ दिल्या. बाळाच्या बोटाला मोठ्या होतील.

शेवटचा संकल्प, एकच. रक्त द्यायचं. साधं, ओ पॉझिटिव्ह, कुणालाही. राखून ठेवायचं नाही. पुढच्या वर्षी बारा नोव्हेंबरला टॅटूला वर्ष होतं, त्याच दिवशी पहिला नंबर लावायचा. खेमसिंगला फोन करून देणाऱ्यांच्या यादीत नाव लिहायला सांगितलं. म्हणाला, लिवतो भाऊ. ओ पॉझिटिव्हवाले लय आहेत आपल्याकडे, पण लिवतो.

दुपारी ३.३०

अंगावर खोटं ठेवायचं नाही असं ठरवून तडक वणीला गेलो. वजाच्या रेघेवर एक उभी रेघ मारून घेतली. पाच मिनिटांचं काम. टॉवेल मागितला नाही. टॅटूवाला म्हणाला, काका, हिशेब चुकला होता काय? त्याच्यावर हात उचलला नाही. वहीतली पहिली अट पहिल्यांदा पाळली.

बसस्टँडवरून उर्वशीला फोन लावला. पंधरा दिवसांनी उचलला. सगळं सांगितलं, टॉमीचं पण, लायसन्सचं पण, उभी रेघ पण.  ती हळूच म्हणाली, बाबा, ती रेघ आजच काढली न? मग वर्ष आजपासून परत मोजतील.